सत्तावीसपैकी चार : झाबुआहून आलेल्या अंड्यांचं एक प्रकरण

नाशिकमधल्या म्हसरूळच्या आमच्या कॉलनीत मला सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात. मी डॉक्टर नाही. पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, आता निवृत्त. पण ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर, हा गावचा हिशेब शहरातही सुटत नाही. म्हणून गेल्या वर्षी 16 मेच्या सकाळी पलीकडच्या रो-हाउसमधल्या वहिनी भाजीची टोपली घेऊन दारात आल्या, तेव्हा काहीतरी आजारी आहे एवढं मी ओळखलं. टोपलीत अकरा अंडी होती.

“भाऊ, पार्सलवाल्याने वाट लावली बघा. तीस मागवली, चार पिल्लं निघाली. एवढं मशीन आणलं, पोराने एकवीस दिवस धड झोप घेतली नाही.”

मागे मुलगा उभा होता. बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला, हातात दोनशे पानी वही. त्या वहीमुळेच हे प्रकरण लिहिण्यासारखं झालं. एरवी अशा तक्रारी मी शंभर ऐकल्या असतील. पण तारीख, वेळ, तापमान, दमटपणा असं रोज तीनदा लिहून ठेवणारा माणूस मला नोकरीतही फारसा भेटला नाही.

अंडी कडकनाथची होती. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथ या काळ्या कोंबडीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून नाव सगळ्यांना ठाऊक आहे आणि भेसळही तेवढीच वाढली आहे. काळ्या पिसांची कुठलीही कोंबडी ‘कडकनाथ’ म्हणून गळ्यात मारतात. खऱ्या कडकनाथची जीभ, तुरा, मांस सगळं काळपट असतं; अंडं मात्र काळं नसतं, फिकट तपकिरी किंवा मलईच्या रंगाचं असतं. काळी अंडी का आली नाहीत म्हणून विक्रेत्याशी भांडलेला एक गृहस्थ मला माहीत आहे. तर, अस्सल हवं म्हणून या मुलाने थेट झाबुआकडच्या एका विक्रेत्याला गाठलं. पिल्लांपेक्षा अंडी स्वस्त पडली. शिवाय कडकनाथची कोंबडी क्वचितच खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते, म्हणून उबवणीचं मशीनही घ्यावं लागलं: थर्माकोलचं, आत पंखा, अंडी आपोआप फिरवणारे रूळ, वर आकडे दाखवणारी छोटी पाटी.

अंडी आली एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. झाबुआ, इंदूर, तिथून मुंबई-आग्रा महामार्गाने धुळे, चांदवडजवळचा राहुड घाट आणि नाशिक. मध्ये दोन गाड्या बदलल्या आणि एक रात्र कुठल्यातरी गोदामात गेली. खोका मिठाईचा, आत कागदी ट्रे, वर वर्तमानपत्राचे बोळे. दोन अंडी फुटलेली, एकाला तडा. उरलेली सत्तावीस त्याने खोका उघडल्यावर अर्ध्या तासात मशीनमध्ये लावली, कारण “आधीच तीन दिवस वाया गेले होते, काका.” वहीत नोंद : 22 एप्रिल, संध्याकाळी 6.40.

मग सातव्या दिवशी बाथरूम बंद करून मोबाइलच्या टॉर्चवर अंडी तपासली आणि नऊ बाजूला काढली. चौदाव्या दिवशी तीन. अठराव्या दिवशी पंधरा राहिली. पिल्लं बाहेर यायला हवीत ती एकविसाव्या दिवशी, 13 मेला. पहिली टोच दिसली 14 मेला दुपारी. पंधराच्या रात्रीपर्यंत चार निघाली आणि पुढे सामसूम.

घरात निकाल लागून गेला होता. वहिनींच्या मते पार्सलवाला दोषी. विक्रेत्याच्या मते (त्याला फोन झाला होता) यांचं मशीन दोषी. आजींच्या मते 3 मेला वळवाचा पाऊस झाला, तेव्हाच्या गडगडाटाने अंडी गदळली. टोपल्यात खिळा आणि कोळसा ठेवला असता तर हे झालं नसतं. त्या संध्याकाळी साडेतीन तास लाइट नव्हती, हे वहीत होतं. वीज कडाडते तेव्हाच लाइट जाते, त्यामुळे आजींचं निरीक्षण पूर्ण चूक म्हणायला मी धजावलो नाही.

मी म्हटलं, “वहिनी, आधी अंडी फोडून पाहू. मग कुणाला शिव्या द्यायच्या ते ठरवू.”

इथे मुलगा जरा घुटमळला. सातव्या आणि चौदाव्या दिवशी काढलेली बारा अंडीही त्याच्याकडे होती. प्रत्येकावर पेन्सिलने तारीख घालून, काळ्या पिशवीत गुंडाळून, फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या मागे. वहिनींना हे त्या क्षणी कळलं. त्यांचं बोलणं मी इथे लिहीत नाही.

गच्चीवर, जुनी परात आणि फिनेलचं पाणी घेऊन बसलो. न फुटलेलं अंडं बोथट टोकाकडून उघडायचं, कारण हवेची पोकळी तिथे असते आणि तिचा आकारच अर्धी गोष्ट सांगतो. नाकाला रुमाल बांधायचा. एकेक अंडं उघडून मी बोलत गेलो आणि मुलगा लिहीत गेला.

सातव्या दिवसाच्या नऊंपैकी तीन बिनबीजाची. बलकावर बारीक, घट्ट पांढरा ठिपका, बस. फळलेल्या अंड्यात तो ठिपका पसरट, कडं असलेला दिसतो. कोंबडा लागलाच नव्हता, त्यात पार्सलचा काय दोष? उरलेल्या सहांत मात्र रक्ताचं पुसट कडं किंवा नुकतीच धरलेली पारदर्शक पापुद्र्यासारखी वाढ दिसली. हे जीव पहिल्या चार-पाच दिवसांत गेलेले. इथे प्रवासाचा हात आहे असं मी म्हणेन. उबवायची अंडी 15 ते 18 अंशांत ठेवायची असतात. 20-21 अंशांच्या खाली आतला जीव निजून राहतो. 27-28 च्या वर गेलं की तो अर्धवट जागा होतो, वाढ सुरू होते, गार झालं की थांबते, परत सुरू होते. एप्रिलअखेर बसच्या डिकीत काय तापमान असेल ते सांगायला थर्मामीटर नको. त्यात विक्रेत्याने फोनवर कबूल केलं की तीस अंडी जमायला त्याला आठवडा लागला होता. म्हणजे काही अंडी मशीनमध्ये जाईपर्यंत दहा दिवसांची झाली होती. सात दिवसांनंतर उगवण रोज थोडी थोडी उतरत जाते.

चौदाव्या दिवसाची तीन मी लवकर उरकली. मधल्या काळात एरवी फारसे जीव जात नाहीत, आणि त्या तिघांची पोकळी एका बाजूला खोगिरासारखी वाकडी होती, एवढंच लिहून घेतलं. असं होतं ते धक्क्यांमुळे. पोकळी आणि गर यांच्यामधला पापुद्रा सुटतो आणि हवा जागा सोडून फिरते.

खरा ऐवज टोपलीतल्या अकरात होता. अकराही पिल्लं पूर्ण वाढलेली. पिसं, नखं, चोचीवरचा टोचायचा दात, सगळं. त्यातल्या तिघांचं डोकं निमुळत्या टोकाकडे होतं. म्हणजे हवा एका टोकाला आणि चोच दुसऱ्या. दोघांनी कवचाला भोक पाडलं होतं, पण आतला पापुद्रा पार चर्मपत्रासारखा वाळून पिसांना चिकटला होता. आणि उरलेली सहा ओलीचिंब. अंगावर चिकट पाणी, नाकातोंडात पाणी, बलक पोटात पूर्ण ओढलेला नाही, हवेची पोकळी जेमतेम रुपयाएवढी. अठराव्या दिवसानंतर ती अंड्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापायला हवी.

मी पेन खाली ठेवायला सांगितलं. म्हटलं, “ही सहा झाबुआत मेली नाहीत, घाटातही नाही. तुमच्या हॉलमध्ये मेली आहेत.”

वहिनी गप्प झाल्या. मुलाने वही चाळली आणि दाखवली : दमटपणा पहिल्या दिवसापासून 50, शेवटचे तीन दिवस 70. पुस्तकात आहे तसाच. तापमान 37.7. तेही बरोबर. आकडे चोख आणि पिल्लं बुडालेली. मग आकडे दाखवणाऱ्याकडेच बघावं लागणार होतं.

पहिली परीक्षा घरातल्या पाऱ्याच्या थर्मामीटरने केली, तापाच्याच. कोंबडीच्या अंड्याला पंख्याच्या मशीनमध्ये 37.5 अंश लागतात, म्हणजे 99.5 फॅरनहाइट, अंगात कणकण असल्याएवढं. थर्मामीटर झटकून अंड्यांच्या उंचीवर आडवा ठेवला आणि तासाने पाहिला. 98.6. म्हणजे 37. पाटीवर 37.7. या थर्मामीटरचा एक गुण असा की पारा चढतो तो झटकल्याशिवाय उतरत नाही. त्यामुळे तासाभरात मशीन एकदाही 98.6 च्या वर गेलं नव्हतं हेही त्याच आकड्यात आलं. अर्ध्या अंशाने गार. पिल्लं एक-दोन दिवस उशिरा निघणं आणि बलक बाहेर राहणं, दोन्ही त्याला धरून होतं.

दुसरी परीक्षा मिठाची. बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यावर थेंब-थेंब पाणी, ओल्या वाळूइतपत, विरघळवायचं नाही. ते झाकण आणि दमटपणा मोजणारं यंत्र एका घट्ट बंद डब्यात रात्रभर ठेवायचं. डब्यातला दमटपणा 75 टक्क्यांवर येऊन थांबतो, ते मिठाचं काम आहे, त्यात वाद नाही. सकाळी यंत्र 62 दाखवत होतं. तेरा टक्के कमी. मुलगा ज्याला 50 समजून सांभाळत होता ते प्रत्यक्षात साठीच्या पुढे होतं, आणि शेवटचं 70 म्हणजे ऐंशीच्या वर. वहीत 11 मेच्या पानावर त्याच्याच अक्षरात होतं : “काचेवर पाणी. छान दमट.” काच घामेजणं म्हणजे छान नव्हे, हे कोणी त्याला सांगितलं नव्हतं.

अंड्यातून पाणी उडून जावं लागतं. अठरा दिवसांत वजनाच्या साधारण 12 टक्के. तेवढं गेलं की हवेची पोकळी मोठी होते, आणि पिल्लू पहिला श्वास कवच फोडण्याआधी त्या पोकळीत घेतं. पाणी उडालंच नाही तर ते आतच गुदमरतं. नाशिकचा उन्हाळा कोरडा, तळपाय भेगाळतात, म्हणून पोराने काळजीने मशीनमधल्या पाण्याच्या दोन्ही पन्हळी काठोकाठ भरल्या. काळजीनेच घात केला. वाळलेल्या पापुद्र्याची दोन अंडी आजींना दाखवायला 14 मेला बाहेर काढली होती, वर पंखा सुरू. “पाचच मिनिटं,” वहिनी म्हणाल्या. मेमधली पाच मिनिटं पुरतात.

साडेतीन तासांच्या वीजखंडाबद्दल एवढंच, की त्याने फारसं बिघडलं नसावं. खुडूक कोंबडीसुद्धा दाणापाण्याला उठते, अंडी गार होतात, परत बसते. यांनी मशीनवर गोधडी टाकली, ते योग्य. गरम पाण्याची पिशवी आत ठेवणार होते, ती ठेवली नाही ते त्याहून योग्य. जीव थोडा गारवा सोसतो, चाळिशीच्या पुढची उष्णता सोसत नाही.

मग हिशेब असा उतरला. तीन कोंबड्याच्या नावावर. सहा प्रवास आणि शिळेपणाच्या. मधली तीन आणि डोकं उलटं झालेली तीन मी बहुतेक धक्क्यांच्या खात्यात टाकली. हवा सरकलेल्या अंड्यात पिल्लाची दिशाही चुकते. आठ सरळसरळ घरची. पार्सलवाल्याला तेवीस लावली होती, त्याच्या वाट्याला जास्तीत जास्त बारा आली, आणि त्यातही आठवडाभर अंडी साठवणारा विक्रेता भागीदार. वहिनी म्हणाल्या, “म्हणजे बारा तरी त्याचीच ना!” तेही खरं.

वाचलेली चार जगली. खोक्यात भाताचं तूस, वर बल्ब, पहिला आठवडा 35 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. सातव्या दिवशी रानीखेत या कोंबड्यांच्या रोगावरच्या लसोटा लशीचा थेंब डोळ्यात मी स्वतः घातला.

मुलाला लगेच दुसरी बॅच लावायची होती. मी दिवाळीपर्यंत थांबवलं. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात मागवण्यापेक्षा नोव्हेंबरची रात्र अंड्याला मानवते. विक्रेता तोच ठेवला. नवा शोधला असता तर बदल कशामुळे झाला हे कळलं नसतं. पण फोनवर चार गोष्टी घासून घेतल्या : चार दिवसांपेक्षा जुनं अंडं नको, धुतलेलं नको, प्रत्येक अंडं वेगळं गुंडाळून निमुळतं टोक खाली, आणि मध्ये गोदाम नको, इंदूरहून रात्रीच्या एकाच बसने. बस पहाटे पाचला नाशिकच्या द्वारका चौकात येते. मुलगा स्कूटर घेऊन साडेचारलाच उभा. खोका मांडीवर घेऊन वडील मागे बसले. म्हसरूळपर्यंतचे खड्डे त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांवर झेलले.

चोवीस अंडी, एकही फुटलं नाही. ती लगेच लावली नाहीत. निमुळतं टोक खाली करून कागदी ट्रेमध्ये, मागच्या खोलीत, चोवीस तास हात न लावता. ढवळलेली हवा वर येऊन बसायला एवढा वेळ द्यावाच लागतो. दुसऱ्या दिवशी टॉर्चवर पाहून प्रत्येकावर पोकळीची कड पेन्सिलने आखली. सतरांची नीट, सातांची खोगिरासारखी. त्या सातांवर फुली. रूळ काढून टाकले आणि अंडी उभीच ठेवली. पहिले दोन दिवस हलवलीच नाहीत, तिसऱ्यापासून ट्रेखाली लाकडी ठोकळा घालून कधी या बाजूला, कधी त्या बाजूला कलवायची. त्यापुढे न हलवणं चालत नाही, जीव कवचाला चिकटतो.

आणि दमटपणाचं यंत्र या वेळी आम्ही जवळजवळ दुर्लक्षित केलं. त्याऐवजी वहिनींचा स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. दहा अंड्यांवर खूण केली, एकत्र वजन 460 ग्रॅम. बारा टक्के म्हणजे 55 ग्रॅम अठरा दिवसांत, रोज तीन ग्रॅमच्या आसपास. सातव्या दिवशी 21-22 ग्रॅम उतरायला हवे होते, उतरले 17. लगेच एक पन्हळ कोरडी केली. खुणेच्या दहांतलं एक अंडं त्याच दिवशी बाद झालं, तेव्हा मुलाने नऊंचा नवा तक्ता मांडला; मला तो समजायला दोन चहा लागले. अठराव्या दिवशी उतार पावणेबारा टक्के. चांगला मुलगा आहे, फक्त वजाबाकी चार दशांश स्थळांपर्यंत करतो.

अठरापासून झाकण बंद, आणि चावी माझ्याकडे. खरं तर मशीनला चावी नाही. मी चिकटपट्टी लावून तिच्यावर सही केली. आजींना काचेतून पाहायला स्टूल दिलं.

चोवीसपैकी सातव्या दिवशी पाच गेली होती, दोन बिनबीजाची, तीन सुरुवातीची. चौदाव्याला एक. राहिलेल्या अठरांतून तेरा पिल्लं, बरोबर एकविसाव्या दिवशी सकाळी पहिलं. फुलीच्या सातांपैकी दोनच निघाली. नीट पोकळीच्या सतरांतून अकरा. प्रवास करून आलेल्या अंड्यांत निम्मी निघाली तरी मी पाठ थोपटतो. मात्र हवामान, बांधणी, ताजेपणा आणि मशीन चालवायची पद्धत असं सगळं आम्ही एकदम बदललं होतं, त्यामुळे कशाने किती फरक पडला हे या आकड्यांवरून वेगळं काढता येत नव्हतं. हे मला बोचत राहिलं.

ते फेब्रुवारीत सुटलं. मेमधल्या चारांत तीन माद्या निघाल्या होत्या आणि त्या आता गच्चीवर अंडी घालत होत्या. कोंबडा त्यांचाच भाऊ, म्हणून तो बदलून दुसऱ्या बॅचचा एक हाती येईपर्यंत थांबावं असं माझं मत होतं. मुलाने ऐकलं नाही. दहा अंडी, सर्वांत जुनं पाच दिवसांचं. प्रवास म्हणजे गच्चीवरून जिना उतरून हॉलपर्यंत. मशीन तेच, वजनकाटा तोच, चिकटपट्टीवर सहीही माझीच. दहापैकी आठ निघाली. एक बिनबीजाचं, एक शेवटी मेलेलं. दोन्ही मी फोडून पाहिली, सवयीने. पोकळी दोन्हीकडे जागच्या जागी.

आठांत पाच कोंबडे आहेत. जुलैपासून पहाटे साडेचारला सुरू होतात आणि भिंत आमची सामाईक आहे. त्यातले दोन मी सिन्नरला भाच्याकडे पोचते केले, डालग्यात, माझ्या मांडीवर. वहिनी पार्सल करा म्हणत होत्या.